लोखंडी दातांचा शेंदूर

तिने माझं नाव विचारलं नाही. आधी चप्पल मागितली.

मी कापसाच्या जिनिंगमधून घरी चालले होते, धुळ्याला, पारोळ्याच्या रस्त्याने. ऊन असं की डांबर टाचेला चिकटत होतं. एका पत्र्याच्या शेडबाहेर माठ दिसला म्हणून पाणी प्यायला थांबले, आणि खोकल्याची उबळ आली. आतून बाईचा आवाज आला, "खोकनारी कोन शे? आत ये."

आत गेले तर एक बाई ट्रकच्या टायरवर पाटलासारखी बसलेली. अंगात लुगडं, त्यावर गड्याचा खाकी शर्ट. हात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुढे केला. "चप्पल दे."

मला वाटलं हिचं डोकं फिरलंय. तरी दिली. उन्हात माणूस भांडत नाही. तिने एका टाचेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या टाचेवरून.

"डावी झिजेल शे. उजवी कोरी. बठ्ठं ओझं एकाच अंगवर वाहस का वं तू?"

खरं होतं. नवरा गेला तेव्हा पोरगी डाव्या कडेवर होती. ती कडेवरून उतरली तर तिच्या जागी कापसाचं गाठोडं आलं. मी वाकडी चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही कधी बघायला सवड नव्हती.

मग तिने कोपऱ्यातून एक लांब लाकडी दांडा घेतला. त्याचं एक टोक माझ्या छातीला लावलं, दुसरं स्वतःच्या कानाला. "खोक." मी खोकले. "आखो खोक." पुन्हा खोकले. दांडा खाली ठेवला आणि बोलली, "आत कापूस भरेल शे. उद्यापासून आठे ये. डिझेलमा सामान धुवानं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. जिनिंगात तोंडाला फडकं बांधलं तरी कापसाचा कचरा आत जायचाच. माझ्यासोबतच्या दोघी त्याच खोकल्यात गेल्या. डिझेलचा वास मला त्यापुढे अत्तरासारखा वाटला.

तिला सगळे अक्का म्हणायचे. गॅरेज तिच्या नवऱ्याचं. तो होता तेव्हा ती त्याला हातात पाने द्यायची, आणि तो गेला तेव्हा तिला सगळं येत होतं. पण ती एकच काम घ्यायची, डिफ्रन्शलचं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी पोट असतं ना, त्याचं. ट्रॅक्टर, जीप, मालट्रक, काय येईल ते. कुणी इंजिन घेऊन आलं की हाकलून द्यायची. "इंजिन बडबड करस. माले मुकं काम आवडस."

गिऱ्हाईक आलं की त्याला बोलू द्यायची नाही. शेडसमोर मोकळी जागा होती, तिथे त्याला गाडी आठाच्या आकड्यासारखी फिरवायला लावायची. डावीकडून वळ, उजवीकडून वळ, परत वळ. स्वतः टायरवर डोळे मिटून बसायची. गाडी फिरून दमली की गिऱ्हाइकाला आत बोलवायची आणि भाकर वाढायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर ठेचा. खाऊन होईपर्यंत बिघाड सांगायची नाही. एक ट्रकवाला चिडला, "अक्का, मला नाशिकला पोचायचंय." ती म्हणाली, "उपाशी मानुसले खर्चानी गोट सांगी तर तो भांडस. खाय."

आखाजीला तर तिचं वेगळंच. आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायका झोका खेळतात, हे तुम्हाला माहीत असेल. अक्का इंजिन उचलायच्या साखळीला झोका बांधायची, शेडच्या मधोमध. गल्लीतल्या बायका यायच्या, लेकी माहेरी आलेल्या यायच्या. डिझेलच्या डब्यांच्या गराड्यात गाणी चालायची. मी बौद्ध. आमच्याकडे आखाजी तशी नाही. मी बाजूला उभी होते. तिने हाताला धरून झोक्यावर बसवलं आणि बोलली, "साखळी जात दखस नही, वजन दखस." आणि असा झोका दिला की मी छताच्या पत्र्याला पाय लावून आले. नवरा गेल्यापासून मी हसले नव्हते असं नाही, पण ओरडून हसले ती तेव्हा.

शेंदराची गोष्टही तशीच. कामाला लागल्यावर थोड्या दिवसांनी तिने माझ्यासमोर वाटी सरकवली. शेंदूर, त्यात तेल. "खल हाई." मी हात मागे घेतला. म्हटलं, "अक्का, आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे. शेंदूर मी लावत नाही." ती रागावली नाही. "हाऊ देवना नही वं. हाऊ दातना शे."

मग दाखवलं. त्या लोखंडी पोटात एक मोठं दातेरी चाक असतं, ताटाएवढं. त्याला क्राऊन म्हणतात. त्याला फिरवणारं लहान दातेरी चाक, ते पिनियन. मोठ्याच्या दातांना शेंदूर लावायचा आणि दोघांना फिरवायचं. दात जिथे घासतो तिथला शेंदूर पुसला जातो. तो डाग दाताच्या मधोमध पडला तर काम बसलं. काठाला पडला तर गाडी रडत जाणार आणि थोड्या दिवसांत दात खाणार. मला वाचता येत नाही म्हणून तिने भाकरीवरून शिकवलं. भाकर तव्यावर मधोमध भाजली का काठाला, एवढं बघायचं. काठाला असेल तर आतल्या पातळ पत्र्या इकडच्या तिकडे करायच्या, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरव. मी शेंदूर खलला. त्यानंतर रोज खलला. माझी बोटं नारिंगी असायची. वस्तीतल्या बायका विचारायच्या, कुठल्या मारुतीला लागलीस गं? मी म्हणायची, ट्रॅक्टरच्या.

आता तिच्या डोळ्यांचं सांगते.

एकदा मी बेरिंग धुऊन बाकाच्या डाव्या बाजूला ठेवली. रोज उजव्या बाजूला ठेवायचे. अक्काचा हात उजव्या बाजूला गेला आणि तिथे रिकाम्या जागेवर थांबला. नुसता थांबला. बेरिंग वीतभर अंतरावर होती, उन्हात चमकत. मी ती उचलून तिच्या हातात दिली. 

तेव्हा मला मागचं सगळं कळलं. चप्पल हातात का घेते, गाडी आठात फिरवून डोळे का मिटते, पाना कुणी जागचा हलवला तर आकाशपाताळ एक का करते. लोक म्हणायचे अक्का विक्षिप्त आहे. निम्मी होतीच. बाकीचा विक्षिप्तपणा तिने डोळ्यांवर पांघरूण म्हणून घेतला होता.

संध्याकाळी हात धुताना तीच बोलली. "जळगावना डॉक्टर बोलना, काचबिंदू शे. जे गयं ते येत नही. आते समोरनं थोडं दिसस, नळीमाईन देखो तसं." मग म्हणाली, "कोनले सांगशी?"

"नाही," मी म्हटलं.

सांगून मी कुठे जाणार होते? शेड अर्धी तिच्या दिराच्या नावावर होती. तो कपाशीचा व्यापारी. कडक पांढरे कपडे, बोलणं गोड. त्याला तिथे ढाबा टाकायचा होता. त्याने चार लोकांत शब्द दिला होता, वहिनी काम करते तोवर शेडला हात लावणार नाही. काम थांबलं की शेड त्याची. अक्काला दिसत नाही हे कळायचा अवकाश. मग शेड त्याची आणि मी परत जिनिंगात. माझी पोरगी तेव्हा नर्सिंगला होती. तिला मी काही सांगितलं नाही. पण छातीतला कापूस मला रोज जिनिंगची आठवण द्यायचा.

तेव्हापासून डाग मी बघायचे. अक्काच्या कानाशी हळूच सांगायचे, भाकर कशी आहे ते. ती मोठ्याने हुकूम सोडायची, "पत्री डावीकडे." गिऱ्हाइकाला वाटायचं अक्कानेच बघितलं. असं बरंच चाललं. कुणाचं काम बिघडलं नाही.

आणि मग ती गाडी आली.

देवपूरचे एक दातांचे डॉक्टर. पन्नाशीचे, अंगाने बारीक, बोलणं नम्र. त्यांची जुनी स्पोर्ट गाडी होती. दोनच दारं, बुटकी, जमिनीला टेकलेली. आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. रंग गाजरासारखा. डॉक्टर तिच्यावर जीव टाकायचे. दार लावताना सुद्धा दोन्ही हातांनी लावायचे. त्यांनी डिक्कीतून एक खोका काढला, आतून कापडात गुंडाळलेला एक लोखंडी गोळा काढला.

"अक्का, हा परदेशातून मागवला. जळगावात दोन ठिकाणी दाखवला, कुणी हात लावत नाही. हा आत बसवायचाय."

अक्काने गोळा मांडीवर घेतला. बोटांनी चाचपला, हलवला, कानाशी नेला. बाळ घेतल्यासारखी. "आत चकत्या शेतस."

"हो. एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळावा म्हणून."

मला काही कळलं नाही. अक्काने मला समजावलं, पण डॉक्टरांदेखत आणि दीर दारात उभा असताना. तो रोज चक्कर मारायचा. "देख वं. साध्या गाडीमा एक चाक चिखलमा घसरनं, का बठ्ठा जोर त्याच चाकले. ते नुसतं गरगर फिरस. दुसरं चाक कोरड्या जमिनवर, चांगलं धडधाकट, त्याले काहीच नही. ते उभंच." मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "घरमा बी असंच व्हस. जो रिकामा फिरस त्यालेच बठ्ठं खावाले."

दीर हसला. "वहिनी, तुम्हना तोंडले कुलूप नही."

"तोंडले नही. शेडले बी नही लावू देस."

डॉक्टर हसू दाबत होते. तेवढ्यात दीर पुढे आला आणि अगदी मायेने म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गाडी महागानी शे. लोक म्हनतस वहिनीले आते कमी दिसस. बिघडनी तर आम्हनं नाव जाई. जपून."

 डॉक्टरांनी अक्काकडे बघितलं. अक्का म्हणाली, "गाडी ठेवा. बसाडानं त्या दिवसले तुम्ही बी या, भाऊ तू बी ये. समोर बसाडसू."

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली. मागचं पोट उतरवलं. मी डिझेलमध्ये एकेक भाग धुतला. त्यातल्या जुन्या गोळ्यावरून क्राऊन काढला, नव्यावर चढवला. अक्काची बोटं त्या दिवसांत मी बघितली. जेवताना सुद्धा नुसत्या हवेत बोल्ट फिरवायची. मी म्हटलं, अक्का, दोघांना बोलवायला नको होतं. मी डाग सांगणार कसा? ती म्हणाली, "खेय बोटले समजस." दातांमधला खेळ म्हणायचं होतं तिला, दोन दात किती सैल आहेत ते. ते तिच्या बोटांना कळायचंच. पण दात कुठे घासतोय ते बोटाला कळत नाही. त्याला डोळा लागतो. हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.  

ठरल्या सकाळी दोघं आले. दीर खुर्ची घेऊन बसला, अक्कापासून हाताच्या अंतरावर. डॉक्टर उभेच. मी शेंदूर खलला, दातांना लावला. डॉक्टर वाकून बघू लागले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर मी रोज करतो! नवीन दात बसवला की पेशंटला निळा कागद चावायला लावतो. जिथे निळं उमटलं तिथे दात उंच."

"मग तुम्ही मानुसना मिस्तरी," अक्का म्हणाली.

मी क्राऊन फिरवला. अक्काने बोट लावून मागेपुढे हलवलं. टिक. टिक. तिचा चेहरा खुलला. खेळ अगदी बरोबर होता. मी वाकून तिच्या कानाशी जाणार, तेवढ्यात दीर म्हणाला, "काय वहिनी, बसनं का?"

आणि अक्का बोलून गेली. "बसनं. डाग मधोमध शे."

मी बघितलं. डाग काठाला होता. सगळ्या दातांना काठालाच.

आता काय करायचं? गप्प राहिले तर गाडी त्याच दिवशी बाहेर जाणार, थोड्या दिवसांत रडत परत येणार, आणि सगळ्या धुळ्यात होईल की अक्काच्या हाताला आता काही राहिलं नाही. बोलले तर दिराला आत्ता, इथेच कळणार. दोन्हीकडून शेड जात होती. डॉक्टरही डागाकडेच बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. 

माझे हात शेंदराने भरलेले होते. मी त्या हातांकडे बघितलं. एवढे दिवस मी खोटा शेंदूर खलला नव्हता.

"अक्का," मी म्हटलं, मोठ्याने. "भाकर काठाला आहे."

दीर खुर्चीतून अर्धा उठला. "म्हंजे? आताच तर मधोमध बोलन्या. दिसनं नही का तुम्हले?"

 अक्काचं बोट अजून क्राऊनवरच होतं. मग तिने ते पदराला पुसलं. मी वाट बघत होते की आता मला रागावणार. ती दिराकडे वळली. तोंड त्याच्याकडे, डोळे थोडे बाजूला.

"नही दिसनं. गयं साल पासून नही दिसस. खेय मना बोटना, डाग इना डोयाना. दोन्ही मिळीसन एक मिस्तरी व्हस. तवपासून ज्या गाड्या आठून गयात, त्या बठ्ठ्या आम्ही दोन्हीसनी करेल शेतस. एक तरी परत उनी का? सांग."

एकही आली नव्हती. तरी दीर म्हणाला, "पन शब्द तुम्हना कामना व्हता वहिनी. तुम्हना. हाई बाईना नही."

तेव्हा डॉक्टर बोलले. शांतपणे, पेशंटशी बोलावं तसं. "भाऊ, मागची दाढ मी कधीच सरळ बघत नाही. बघताच येत नाही. आरसा लागतो. म्हणून काम आरशाने केलं असं होत नाही, आणि आरशाशिवाय झालं असंही होत नाही. माझी गाडी इथेच होणार. ह्या दोघींकडून." मग मला म्हणाले, "ताई, काठाला, पण कुठल्या बाजूच्या?"

"बाहेरच्या," मी म्हटलं.

"पत्री उजवीकडून डावीकडे," अक्का गरजली. "काय दखस? उचल पाना!"

आता कानाशी बोलायची गरज नव्हती. मी ओरडून सांगायचे, ती ओरडून हुकूम द्यायची. "अजून काठाला!" "आखो एक पत्री!" "सरकतोय अक्का!" "खेय बी पाहिजे, थांब... टिक. हां." शेवटी दाताच्या मधोमध डाग पडला, भाकरीवर पडतो तसा, गोल आणि स्वच्छ. मी म्हटलं, "फुगली अक्का." डॉक्टर वाकले, बघितलं, आणि खिशातून रुमाल काढून त्याच्या टोकाला थोडा शेंदूर लावून घेतला. कशाला ते मी विचारलं नाही.

पोट बंद केलं. डॉक्टरांनी आणलेलं वेगळं तेल भरलं, चकत्यांसाठी असतं ते. गाडी खाली उतरवली. अक्काने डॉक्टरांना आठात फिरायला लावलं, हळूहळू, चकत्या बसेपर्यंत. पहिल्यांदा ती टायरवर बसली नाही. डॉक्टरांच्या शेजारी गाडीत बसली, दांडा कानाला लावून. बुटक्या गाडीच्या खिडकीतून तो दांडा बाहेर आलेला. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

मग म्हणाली, "आते एक चाक चिखलमा घाला."

डॉक्टर घाबरले. "अक्का, आत्ताच धुतली आहे."

"मंग परत धुवा. घाला."

शेडच्या मागे काळी जमीन होती, हापशाचं पाणी तिथे साचायचं. डॉक्टरांनी डोळे बारीक करून एक चाक त्यात घातलं. चाक घसरलं, गरगरलं, चिखल उडाला.  आणि मग दुसऱ्या, कोरड्या चाकाने जमीन धरली. गाडीचं अंग एकदा हललं, आणि ती सरळ चालत बाहेर आली. दमली नाही, ओरडली नाही. म्हशीसारखी शांत बाहेर आली.

दीर चिखलाच्या वाटेतच उभा होता. त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे थेंब उमटले होते, छातीपर्यंत. अक्काला ते दिसले नसणार. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. ती इतकी हसली की तिला धरून शेडमध्ये आणावं लागलं. तिथे तिने दिराला पहिल्यांदा भाकर वाढली. तो तसाच चिखलाच्या कपड्यांत बसून जेवला. जाताना एवढंच म्हणाला, "ट्रॅक्टरना मागून आवाज येस. धाडी देऊ का?"

"धाड. आठमा फिरवसू," अक्का म्हणाली.

ढाब्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यानंतर अक्काची उरलेली नजरही गेली. पण टायरवरची जागा सोडली नाही. बोट तिचं, डोळा माझा, असंच चाललं. पुढे तिच्या बोटांनाही कापरं भरलं, तेव्हा खेळही माझ्या बोटांनी बघायला शिकवलं, वर रोज शिव्या दिल्या. माझी पोरगी जळगावला नर्स झाली. माझ्या छातीतला कापूस पूर्ण गेला नाही, पण वाढलाही नाही. त्या डॉक्टरांची गाजरी गाडी आखाजीला अजून येते. आधी समोर आठात फिरते, मग डॉक्टर येऊन भाकर खातात.

अक्का जायच्या थोडे दिवस आधी मी तिच्या खाटेशी बसले होते. तिला पाणी पाजलं. तिने हात पुढे केला, पहिल्या दिवशी केला होता तसाच.

"चप्पल दे."

मी काढून दिली. तिने कापऱ्या अंगठ्याने एक टाच चाचपली, मग दुसरी. मग परत पहिली. बराच वेळ चाचपत राहिली. 

"दोन्ही सारख्या झिजेल शेतस," ती म्हणाली. चपला माझ्या मांडीवर टाकल्या. "आते तरी नवी ली ले, कंजूस."

मी अजून घेतली नाही.